अरणगावचा घुमट, मुंबईची भिंत

दौंड रस्त्याने नगरच्या बाहेर पडलात की थोड्याच वेळात अरणगाव येतं. तिथून टेकडीवर मेहेराबाद. तुमच्यापैकी बरेच जण तिथे जाऊन आले असतील, शाळेच्या सहलीत नाहीतर बाहेरगावचे पाहुणे आले म्हणून. मेहेरबाबांच्या समाधीची ती छोटी, घुमटाची खोली. आत जाणारा माणूस वाकतो, डोकं टेकवतो आणि बाहेर येतो. पुढच्या वेळी गेलात तर मान वर करा. आतल्या भिंतींवर आणि घुमटाच्या पोटात चित्रं आहेत. ती 1938 साली हेलन डाम नावाच्या एका स्विस बाईंनी रंगवली.

बाई साध्यासुध्या नव्हत्या. जन्म 1878चा, म्हणजे नगरला आल्या तेव्हा साठीच्या. विसावं शतक सुरू होताना त्या म्युनिकमध्ये चित्रकला शिकत होत्या आणि कांडिन्स्की, गाब्रिएल म्युंटर या मंडळींच्या वर्तुळाशी त्यांची ओळख होती. युरोपातल्या अमूर्त चित्रकलेची गोष्ट जिथून सुरू होते, ती हीच मंडळी. मेहेरबाबांच्या ओढीने हेलनबाई सगळं सोडून इथे आल्या, आजारी पडल्या आणि लवकरच परत गेल्या. पुढे 1954 मध्ये झुरिक शहराने त्यांना आपला कला पुरस्कार दिला. तो मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री.

म्हणजे बघा, मॉडर्न आर्ट म्हणून आपण जे काही पुस्तकात वाचतो, त्याची एक थेट शाखा म्युनिकहून निघून अरणगावला उतरली होती. तेही स्वातंत्र्याच्या नऊ वर्षं आधी. मग नगरमध्ये पुढे काय झालं? काहीच नाही. एक चित्रकार आली, एक घुमट रंगवला, निघून गेली. कुणी ते बघून बिघडलं नाही, कुणी त्याच्यावर भांडलं नाही, कुणी ‘हे काय रेघोट्या मारल्यात’ असंही म्हटलं नाही.

त्याच 1938 मध्ये जर्मन बोलणारा आणखी एक चित्रकार मुंबईच्या बंदरात उतरला. आणि तिथे मात्र पुढच्या पंधरा-वीस वर्षांत असं काही घडलं, की आज भारतीय चित्रांच्या लिलावात जे कोट्यवधींचे आकडे ऐकता, त्यातले बहुतेक त्या वर्षांकडे बोट दाखवतात. हुशार माणूस दोन्हीकडे आला. मग एकीकडे ‘सीन’ तयार झाला आणि दुसरीकडे नाही, असं का? आजचा लेख त्याबद्दल आहे.

मुंबईला आलेल्या त्या चित्रकाराचं नाव वॉल्टर लँगहॅमर. व्हिएन्नात शिक्षक होते. हिटलरने ऑस्ट्रिया गिळला आणि पत्नी केटे यांच्यासह त्यांना देश सोडावा लागला. मुंबईत त्यांना टाइम्स ऑफ इंडियात कला विभागाची नोकरी मिळाली. त्यांच्या आधी, 1933 मध्ये, रुडी व्हॉन लेडन आले होते. शिक्षणाने भूगर्भशास्त्रज्ञ, आवडीने कलासमीक्षक. (पुढे या गृहस्थांना आपल्या गंजिफांचं वेड लागलं, तो एक वेगळाच विषय आहे.) तिसरे इमॅन्युएल श्लेसिंगर. तेही व्हिएन्नाचे, मुंबईत औषधांचा धंदा केला आणि त्यातून आलेल्या पैशातून चित्रं विकत घेतली.

या काळाचं आणखी एक टोक नगरला येऊन मिळतं. 1939 मध्ये दुसरं महायुद्ध पेटलं आणि हिंदुस्थानात सापडलेल्या जर्मन-ऑस्ट्रियन लोकांना ब्रिटिशांनी धरून ठेवलं, ते आपल्या नगरच्या छावणीत. ‘सेव्हन इयर्स इन तिबेट’ हा ब्रॅड पिटचा सिनेमा पाहिला असेल, तर त्यातला हाइनरिख हारर देहरादूनला नेण्याआधी इथेच होता. एकाच भाषेची माणसं. काही नगरच्या तारेच्या कुंपणात, तर काही मुंबईत दर आठवड्याला आपल्या दिवाणखान्यात पोरांना बोलावून सेझानच्या चित्रांच्या छापील प्रती दाखवत बसलेली.

तो दिवाणखाना महत्त्वाचा. लँगहॅमर यांच्या घरी नेपियन्सी रोडला रविवारी चित्रकार जमायचे. त्यांना तिथे कुणी सर्टिफिकेट देत नव्हतं. रंगीत छापील चित्रं बघायला मिळायची, स्वतःची चित्रं दाखवता यायची आणि कुणीतरी ती गांभीर्याने बघायचं. आज तुमच्या मोबाइलवर जगातलं कुठलंही चित्र तीन सेकंदात येतं, त्यामुळे याचं अप्रूप कळणं जरा अवघड आहे. पण ‘कुणीतरी गांभीर्याने बघायचं’ हा भाग अजूनही मोबाइलवर येत नाही.

बादली बादलीसारखीच हवी

ही पोरं नेमकी कशाला कंटाळली होती, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. तुम्ही शाळेत एलिमेंटरी, इंटरमिजिएटची परीक्षा दिली असेलच. समोर स्टुलावर बादली, तांब्या, दोन वांगी, खाली चुण्या पडलेलं फडकं. बादलीचा काठ लंबवर्तुळात बसला, सावली बरोबर बाजूला पडली, की ग्रेड चांगली. मग स्मरणचित्र, मग संकल्पचित्र. ही शिस्त वाईट नाही. हात तयार होतो. पण मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये ब्रिटिशांनी रुजवलेल्या या शिस्तीत चित्रकला म्हणजे हुबेहूबपणा, हे समीकरण इतकं पक्कं झालं, की त्यापलीकडे काही असू शकतं हे सांगायला माणूसच उरला नव्हता. दुसरीकडे पुराणातल्या नायिका आणि अजिंठ्याच्या वळणाच्या नाजूक रेषा काढणारा एक गोडगोड ‘भारतीय’ पंथ होता. त्याचाही या पोरांना वैताग आला होता.

1947 मध्ये सहा जणांनी एकत्र येऊन ‘प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप’ काढला. फ्रान्सिस न्यूटन सूझा, एस. एच. रझा, एम. एफ. हुसेन, के. एच. आरा, एच. ए. गाडे आणि शिल्पकार सदानंद बाकरे. या नावांची आज पूजा होते, म्हणून त्या वेळी ते काय होते ते आधी बघू.

सूझा गोव्यातल्या साळगावचे. वडील लहानपणीच गेले, आई मुंबईत कपडे शिवून घर चालवायची. ‘चले जाव’च्या आंदोलनात भाग घेतला म्हणून जेजेतून काढून टाकलेले. वय तेवीस. हुसेन पंढरपूरचे. ग्रँट रोडच्या परिसरात सिनेमाची होर्डिंग रंगवायचे, नंतर लाकडी खेळणी आणि फर्निचरची डिझाइनं करायचे. रझा मध्य प्रदेशातल्या बाबरियाचे, ब्लॉक बनवणाऱ्या स्टुडिओत नोकरी करत चित्रं काढायचे. गाडे आपल्या अमरावती जिल्ह्यातल्या तळेगाव दशासरचे. त्यांनी चक्क विज्ञानाची पदवी घेतली होती, चित्रकला नंतर. नागपूरच्या कलाशाळेत रझाही शिकले, गाडेही. म्हणजे ‘मुंबईची आधुनिक कला’ म्हणून जे जगात गेलं, त्याची निम्मी माणसं पंढरपूर, तळेगाव, साळगाव, बाबरिया असल्या ठिकाणांहून आलेली होती. ‘आपण छोट्या गावातले’ हे वाक्य पुढच्या वेळी तोंडात आलं तर हे आठवायला हरकत नाही.

पण मला या सहांत सगळ्यात जास्त थांबायचंय ते आरा यांच्यापाशी, कारण त्यांचं नाव सगळ्यात कमी घेतलं जातं.

कृष्णाजी हौलाजी आरा यांचा जन्म 1914चा, हैदराबादजवळच्या बोलारमचा. आई लहानपणीच वारली. सहा-सात वर्षांचं पोर घरातून पळून मुंबईला आलं. एका इंग्रज कुटुंबात घरकाम केलं. मिठाच्या सत्याग्रहात उतरून तुरुंगवास भोगला. मग गाड्या धुण्याचं काम केलं. चित्रकलेचं रीतसर शिक्षण जवळपास नाहीच. हा माणूस मालकाच्या गाड्या पुसून झाल्यावर आपल्या खोलीत बसून चित्रं काढत होता आणि ती व्हॉन लेडन यांच्या नजरेला पडली. 1944 मध्ये आरा यांना गव्हर्नरांचं पारितोषिक मिळालं.

आरा काय रंगवायचे? फुलदाणी. फळं. टेबलावरची भांडी. तुमच्या एलिमेंटरीतलंच की! फरक एवढाच, की आरा यांच्या फुलदाणीतली फुलं मोजून काढलेली नसतात, ती अंगावर येतात. जलरंग ते तैलरंगासारखे जाड, भरगच्च वापरायचे. परीक्षकाने मार्क कापले असते. नंतर त्यांनी नग्न स्त्रीदेहाची मोठी मालिका केली. त्यातल्या बायका सुंदर दिसायच्या भानगडीत पडत नाहीत. त्यांना वजन आहे.

ग्रुप निघाला त्यामागेही आरा यांचंच एक चित्र होतं, असं सांगतात. स्वातंत्र्यदिनाच्या मिरवणुकीवर त्यांनी मोठ्ठा कॅनव्हास रंगवला आणि बॉम्बे आर्ट सोसायटीने तो वार्षिक प्रदर्शनात घ्यायला नकार दिला. ही सोसायटी 1888पासूनची, मानाची. तिच्या प्रदर्शनात चित्र लागलं तर तुम्ही चित्रकार. नाही लागलं, तर नाही. नाकारलेल्या पोरांनी मग वेगळी चूल मांडली. गंमत अशी, की जुलै 1949 मध्ये ग्रुपचं पहिलं प्रदर्शन मुंबईत भरलं ते याच सोसायटीच्या रॅम्पार्ट रोवरच्या दालनात. उद्घाटन केलं लेखक मुल्कराज आनंद यांनी.

रॅम्पार्ट रो म्हणजे आताचा काळा घोडा. हो, अरुण कोलटकरांच्या कवितांतला. कोलटकर स्वतः जेजेचे विद्यार्थी. त्या फुटपाथवर चित्रकार आणि कवी वेगळे ओळखू येत नव्हते, दोघांच्याही खिशात तेवढेच पैसे.

फ्रेमवाला, भिंत आणि पोलिस

आता एक आरोप. ‘यांनी पिकासोची, युरोपची नक्कल केली’ असं तेव्हाही म्हणायचे, आजही म्हणतात. थोडं खरं आहे. सूझांच्या जाड काळ्या रेषा बघितल्या की युरोप दिसतोच. पण 1948 मध्ये दिल्लीत भारतीय कलेचं मोठं प्रदर्शन भरलं होतं, ते बघायला सूझा आणि हुसेन गेले. मथुरेची शिल्पं, गुप्तकाळातल्या मूर्ती, बसोलीची लघुचित्रं. हुसेन तिथून परतले ते बदलून. त्यांच्या पुढच्या चित्रांतल्या बायकांची उभं राहायची तऱ्हा मथुरेच्या यक्षीची आहे आणि रंग बसोलीचे. नक्कल करणारा माणूस दोन हजार वर्षांमागे जाऊन उसनवारी करत नाही. आणि केलीच, तर तिला आपण परंपरा म्हणतो.

चित्र काढलं. आता ते टांगायचं कुठे? इथे मुंबईच्या गोष्टीत एक असा माणूस येतो, ज्याने स्वतः चित्र काढलं नाही. केकू गांधी. पारशी. केंब्रिजला शिकत होते, सुट्टीत घरी आले आणि युद्ध सुरू झाल्यामुळे परत जाता आलं नाही. मग 1941 मध्ये त्यांनी चित्रांच्या चौकटी, म्हणजे फ्रेम, बनवायचा धंदा सुरू केला. केमिकल मोल्डिंग, त्यावरून नाव ‘केमोल्ड’. प्रिन्सेस स्ट्रीटला दुकान होतं. गिऱ्हाईक यायचं ते देवाचा नाहीतर आजोबांचा फोटो मढवायला. केकूंनी दुकानाच्या काचेत आरा, हुसेन, रझा यांची चित्रं लावायला सुरुवात केली. रस्त्याने जाणारा माणूस थबकायचा, शिव्या घालायचा, पुढे जायचा. क्वचित एखादा आत यायचा. पुढे 1963 मध्ये केकू आणि त्यांच्या पत्नी खोर्शेद यांनी ‘गॅलरी केमोल्ड’ काढली, जहांगीर आर्ट गॅलरीच्या पहिल्या मजल्यावर.

जहांगीर 1952ची. त्याआधी मुंबईत तरुण चित्रकाराला भाड्याने मिळेल अशी धड जागा नव्हती. सर कावसजी जहांगीर यांनी दिवंगत मुलाच्या स्मरणार्थ पैसे दिले, म्युझियमच्या आवारात जागा मिळाली आणि मागे लागणाऱ्यांत चित्रकार के. के. हेब्बर आणि शास्त्रज्ञ होमी भाभा होते. हो, अणुशक्तीवाले भाभा. ते स्वतः उत्तम चित्रं काढायचे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेची इमारत बांधताना त्यांनी खर्चातला एक टक्का कलाकृतींसाठी बाजूला काढायची परवानगी नेहरूंकडून घेतली आणि या बिनपैशाच्या चित्रकारांची चित्रं संस्थेच्या भिंतींवर लावली. तिथलं हुसेन यांचं भलंमोठं ‘भारत भाग्य विधाता’ हे त्यातलंच. अणुविज्ञानाच्या संस्थेने चित्रांचा एवढा संग्रह करावा, ही कल्पनाच आज किती परकी वाटते बघा.

भिंत मिळाली म्हणजे सगळं मिळालं असं नाही. 1954 मध्ये अकबर पदमसी पॅरिसहून परतले आणि जहांगीरला त्यांनी प्रदर्शन लावलं. वय सव्वीस. त्यातल्या ‘लव्हर्स’ या चित्रांत पुरुषाचा हात स्त्रीच्या छातीवर होता. पोलिस आले. चित्रं काढून ठेवा म्हणाले. पदमसी नाही म्हणाले. अश्लीलतेच्या कलमाखाली अटक झाली, खटला उभा राहिला. सूझांवर आधी अशीच तक्रार झाली होती. पण पदमसींनी प्रकरण धसास लावलं. खालच्या कोर्टात ते सुटले, सरकार हायकोर्टात गेलं, तिथेही ते सुटले.

या प्रसंगाकडे नीट बघा. सव्वीस वर्षांचा मुलगा, पहिलंच मोठं प्रदर्शन, समोर पोलिस. दोन चित्रं भिंतीवरून उतरवली असती तर संध्याकाळी घरी जाऊन जेवता आलं असतं. आणि असं चित्र उतरवणारे तेव्हाही होते, त्यांना भित्रे म्हणायचा अधिकार आपल्याला नाही. पण पदमसींना ‘नाही’ म्हणता आलं याचं एक कारण असं, की ते एकटे नव्हते. चित्र म्हणजे काय हे कोर्टाला समजावून सांगणारी माणसं तोवर त्या शहरात तयार झाली होती. दिवाणखाना, फ्रेमचं दुकान, पेपरातली समीक्षा, सोसायटीशी झालेली भांडणं या सगळ्यांतून ती तयार झाली होती. हेलन डाम यांच्या भोवती नगरमध्ये यातलं काहीच नव्हतं.

किल्ला आणि बंगला

पुढची जागा सांगतो, तिचा धागा पुन्हा आपल्या भुईकोट किल्ल्याला लागतो. 1942 ते 45 नेहरू, पटेल, आझाद ही सगळी मंडळी किल्ल्यात कैदेत होती, हे तुम्हाला पाठ आहे. नेते नगरला बंद असताना दिल्लीच्या कायदेमंडळात काँग्रेसची बाजू सांभाळत होते भुलाभाई देसाई. मोठे वकील. त्यांनी लियाकत अली खानांशी वाटाघाटी केल्या, त्या अंगाशी आल्या, आणि 1946 मध्ये ते वारले. इतिहासाच्या पेपरात त्यांच्यावर फार तर दोन मार्कांची टीप येते.

मुंबईत वॉर्डन रोडला समुद्राकाठी त्यांचा मोठा बंगला होता. सून माधुरीबेन देसाई यांनी त्या बंगल्यात ‘भुलाभाई मेमोरियल इन्स्टिट्यूट’ सुरू केली आणि नाममात्र भाड्यात खोल्या कलाकारांना दिल्या. एका खोलीत हुसेन, एका खोलीत वासुदेव गायतोंडे. नंतर नसरीन मोहमदी. प्रफुल्ला डहाणूकर आणि गायतोंडे एकाच स्टुडिओत काम करायचे. तिथेच पं. रविशंकर यांची ‘किन्नर’ ही संगीतशाळा आणि पुण्यात जन्मलेल्या इब्राहिम अल्काझींच्या नाटकांच्या तालमी. म्हणजे चित्र अडलं की उठून शेजारच्या खोलीत सतार ऐकायची, कंटाळा आला की तालीम बघायची. अभ्यासक्रम नाही, हजेरी नाही, सबमिशन नाही.

गायतोंडे यांच्याबद्दल दोन शब्द जास्त. जन्म नागपूरचा, 1924चा, मूळ गोव्याचं कुटुंब, वाढले गिरगावच्या चाळीत. जेजेची पदविका 1948ची. सुरुवातीला त्यांच्या चित्रांत माणसं होती, मग माणसं विरघळत गेली आणि उरला तो नुसता रंग, थरांवर थर. रोलरने चढवलेला, सुरीने खरवडलेला. त्याला ‘अमूर्त’ म्हटलेलं त्यांना आवडायचं नाही. वर्षाला मोजकीच चित्रं करायचे. बोलायचे कमी, विकायला धावायचे त्याहून कमी. 2001 मध्ये गेले तेव्हा पेपरात फार मोठी बातमी आली नाही. 2014 मध्ये न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम म्युझियमने त्यांचं भव्य प्रदर्शन भरवलं आणि 2025 मध्ये त्यांचं एक चित्र लिलावात सदुसष्ट कोटींना गेलं. चाळीतल्या त्या घराला यातला एक रुपयाही दिसला नाही, हे वेगळं सांगायला नको.

घरी ‘चित्रकला घेऊन पोट भरणार आहे का?’ हा प्रश्न तुमच्यापैकी ज्यांना रोज ऐकावा लागतो, त्यांनी कोल्हापूरच्या भानुमती राजोपाध्ये यांची गोष्ट जरूर वाचावी. वडील चित्रकार, बाबूराव पेंटरांच्या वर्तुळातले, पण भानुमती लहान असतानाच ते गेले. मुलगी मुंबईला आली, जेजेत सुवर्णपदक मिळवलं आणि 1953 मध्ये प्रोग्रेसिव्ह ग्रुपच्या प्रदर्शनात तिची चित्रं लागली. त्या गोतावळ्यातली ती एकुलती एक स्त्री. गायतोंडे, हुसेन यांच्या रांगेत उभी राहिलेली पंचविशीच्या आतली मराठी मुलगी.

पण ती पुढे चित्रकार झाली नाही. बायकांच्या मासिकांत फॅशनची रेखाटनं करू लागली, तिथून सिनेमाचे कपडे. 1956चा ‘सीआयडी’ हा सुरुवातीचा सिनेमा. 1983 मध्ये ‘गांधी’साठी ऑस्कर मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय भानू अथैया त्या याच. आता हा विजय म्हणायचा की चित्रकलेचं नुकसान? मला दोन्ही म्हणावंसं वाटतं. हुसेन फुटपाथवर झोपून दिवस काढू शकले, ती त्यांच्या गोष्टीतली रोमँटिक जागा झाली. मुंबईत एकट्या राहणाऱ्या विशीतल्या मुलीला फुटपाथचा पर्यायच नव्हता. तिला महिन्याच्या महिन्याला पैसे हवे होते आणि ते कॅनव्हासवर मिळत नव्हते. या ‘सीन’ने कुणाला जागा दिली हे सांगताना ती कुणाला पुरली नाही हेही सांगायला हवं.

आणि हा सगळा मेळ टिकला किती दिवस? पहिलं प्रदर्शन झालं त्याच वर्षी सूझा लंडनला गेले. 1950 मध्ये रझा फ्रेंच शिष्यवृत्तीवर पॅरिसला. 1951 मध्ये बाकरे लंडनला. कृष्ण खन्ना, गायतोंडे, मोहन सामंत असे नवे लोक आले (खन्ना तर बँकेतली नोकरी सांभाळून चित्रं काढायचे), पण 1956 पर्यंत ग्रुप संपला होता. भुलाभाईंचा बंगलाही पुढे पाडला गेला. आरा मात्र कुठेच गेले नाहीत. ते मुंबईतच राहिले, काळा घोड्यावरच्या ‘आर्टिस्ट्स सेंटर’चं काम बघत राहिले आणि नव्या पोरांना प्रदर्शनासाठी जागा मिळवून देत राहिले. 1985 मध्ये गेले.

बाकरे यांच्याबद्दल राहिलंच. सहांमधले एकटे शिल्पकार. लंडनमध्ये जवळपास चोवीस वर्षं काढली, तिथे चित्रंही केली, प्रदर्शनं केली. 1975 मध्ये परत आले ते मुंबईला नाही, तर कोकणात दापोलीजवळच्या मुरुड-हर्णैला. बाकीच्या पाचांची नावं मोठी होत होती आणि हा माणूस समुद्राकाठच्या गावात आपलं काम करत बसला होता. तुमच्यातल्या कितीतरी जणांनी हर्णैच्या बंदरावर मासळीचा लिलाव बघितला असेल. तिथून जवळच 2007 पर्यंत भारतीय आधुनिक शिल्पकलेतला एक मोठा माणूस राहत होता. मराठी पोरांच्या सहली त्या रस्त्याने गेल्या आणि आल्या.

मुंबईला गेलात, तर सीएसएमटीवरून काळा घोडा चालत पंधरा-वीस मिनिटांवर आहे. जहांगीरला प्रवेश फुकट आहे. प्रदर्शन लावायचं असेल तर मात्र वर्षानुवर्षांचं वेटिंग, त्यामुळे अर्ज करायचाच असेल तर आत्ताच करून ठेवा. आर्टिस्ट्स सेंटर तिथून हाकेच्या अंतरावर आहे, पाटी लहान आहे, शोधावी लागते. समोरच्या बाजूला नॅशनल गॅलरी ऑफ मॉडर्न आर्ट. तिथे काय लागलंय ते आधी बघून जा आणि सोमवारी जाऊ नका, बंद असते.